बेटावरचे उंदीर संपवावेत, आवरावेत की पक्षीच हलवावेत?

बरेच समुद्रपक्षी जमिनीवर नाहीतर बिळात अंडी घालतात. अशा बेटावर बोटीतून उंदीर उतरले की अंड्या-पिल्लांची धडगत नसते. पैसा मोजका असेल तर आधी एकच पाहावं: काढलेले उंदीर परत येतील का?

दूरचं, निर्मनुष्य बेट असेल तर माझं मत समूळ उच्चाटनाला. खर्च दणदणीत, पण बराचसा एकदाच. न्यूझीलंडच्या कॅम्पबेल बेटावर (सुमारे ११,३०० हेक्टर) २००१ मध्ये हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं आणि २००३ मध्ये ते उंदीरमुक्त जाहीर झालं. मात्र इथे ‘बहुतेक मेले’ याला काडीची किंमत नाही. दक्षिण पॅसिफिकमधल्या हेंडरसन बेटावर २०११ च्या मोहिमेतून थोडे उंदीर वाचले आणि सगळं मुसळ केरात गेलं.

किनाऱ्याजवळच्या बेटाचं गणित वेगळं. न्यूझीलंडमध्येच संशोधकांनी रेडिओ कॉलर लावून एक उंदीर एका बेटावर सोडला. पठ्ठ्या ४०० मीटर पोहून शेजारच्या उंदीरमुक्त बेटावर गेला. सापळे, आमिषं, शिकवलेली कुत्री सगळ्यांना गुंगारा देत तो सोडल्यापासून १८ आठवड्यांनी सापडला, तोही पेंग्विनच्या मांसाला भुलून. एका उंदराची ही तऱ्हा! अशा ठिकाणी कायमचे सापळे आणि धक्क्यावर बोटींची झडती हेच बरं, खर्च दरवर्षीचा असला तरी.

पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असतील तर मात्र थांबू नका, हलवा. सेशेल्समध्ये १९८८ साली वॉर्बलर नावाचे २९ छोटे रानपक्षी कझिन बेटावरून अराइडवर नेले, तिथे ते शेकड्यांनी वाढले. समुद्रपक्ष्यांचं इतकं सोपं नाही. पूर्ण वाढलेले पक्षी आपल्या जन्मबेटाकडेच परततात. म्हणून अमेरिकेतल्या ईस्टर्न एग रॉक बेटावर १९७३ पासून पफिन या समुद्रपक्ष्याची पिल्लं आणून मासे घालून वाढवली, परतणाऱ्यांना भुलवायला खडकांवर लाकडी पफिनही मांडले. तिथे वीण सुरू झाली १९८१ मध्ये.

शिवाय पक्षी नेले तरी जुनं बेट उजाडच राहतं, भोवतालचा समुद्रही. पक्ष्यांची विष्ठा प्रवाळाला खत पुरवते. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरच्या २०१८ च्या अभ्यासात उंदीर नसलेल्या बेटांभोवती माशांचं एकूण वजन ४८ टक्के जास्त भरलं.

माणसांची वस्ती असेल तर? ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर काही शे लोक राहतात. वर्षानुवर्षं वाद झाले, मग २०१९ मध्ये मोहीम झाली. विष मांडण्याआधी तिथले वुडहेन हे न उडणारे दुर्मीळ पक्षी पकडून पिंजऱ्यात ठेवले. तरी २०२१ मध्ये दोन उंदीर दिसलेच. त्यामुळे उच्चाटन निवडलंत तरी सापळे आणि झडतीचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा.