हळदीच्या हंगामातल्या शिंका: सिट्रिझिन, लेव्हो की फेक्सो?

हळदीचे सौदे सुरू झाले की सांगलीच्या मार्केट यार्डाभोवती शिंका वाढतात. परवा एक टेम्पोवाले दादा आमच्या मेडिकलवर आले. भुवयांवर पिवळी भुकटी, नाक लालबुंद, बोटात गाडीची किल्ली. "नेहमीची सिट्रिझिन द्या, मिरजेला माल टाकायचाय." ती किल्ली बघून मी हात आखडला.

सिट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी, आणि ती वाईट नाही. १० मिलिग्रॅमची एक गोळी तासाभरात लागू पडते, दिवसभर पुरते आणि स्वस्तही आहे. अंगावर पित्त उठून रात्रभर खाज सुटत असेल तर झोपताना घ्यायला मला तीच बरी वाटते. पण काहींना तिनं चांगलीच गुंगी येते, सकाळीही डोकं जड राहतं. "मग लेव्हो द्या, तिनं झोप येत नाही," असं गिऱ्हाईक ठामपणे सांगतं. तसं नाही. लेव्होसिट्रिझिन म्हणजे सिट्रिझिनचाच काम करणारा निम्मा भाग, म्हणून ती ५ मिलिग्रॅमची असते. झोप तिनंही येते. किडनीचा त्रास असेल तर दोन्हींचा डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यावा लागतो.

गाडी किंवा मशीन चालवणाऱ्यानं फेक्सोफेनाडिनबद्दल डॉक्टरांना विचारावं. ती मेंदूपर्यंत जवळजवळ पोचतच नाही, त्यामुळे गुंगी क्वचित येते. चार पैसे जास्त लागतात, पण ते सार्थकी लागतात. बिलास्टिनही तशीच, मात्र ती खाण्याआधी तासभर किंवा खाल्ल्यावर दोन तासांनी घ्यायची. हमालीच्या धावपळीत, मिळेल तेव्हा भाकरी खाणाऱ्याला ते जमत नाही.

एव्हिल ही अ‍ॅलर्जीची जुनी, गुंगी आणणारी गोळी ड्रायव्हरला नकोच. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसांनी तर ती मनानं मुळीच घेऊ नये.

नाक नुसतं चोंदत असेल तर यातली कुठलीच गोळी फारशी कामाची नाही. तिथं डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे जास्त गुण देतो, फक्त काही दिवस नेमानं मारावा लागतो. आणि ओठ, जीभ सुजली, श्वास लागला, तर गोळीची वाट न बघता तडक दवाखाना गाठा.

दादांच्या मोबाईलमध्ये डॉक्टरांची चालू चिठ्ठी निघाली, तीत १२० ची फेक्सो होती. तीच दिली, सोबत पाण्याचा ग्लास. समोरच्या गाड्यावरचा संत्र्याचा रस आत्ता नको म्हटलं, त्यानं ही गोळी अंगात कमी उतरते.