बिल्डरूट : लाइन गेली तरी उठणारी पेटी

वरूडला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत मी ठिबकच्या व्हॉल्व्हसाठी पेट्या बनवतो. आत रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू हा छोटा कॉम्प्युटर, चार रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि जमिनीतला ओलावा मोजणारे दोन सेन्सर. आजूबाजूच्या संत्र्याच्या बगिच्यांत अशा 11 पेट्या चालू आहेत. गेली दोन वर्षं त्यांतलं लिनक्स मी बिल्डरूट वापरून स्वतः बनवतो (छोट्या यंत्रांसाठी हवं तेवढंच लिनक्स बांधून देणारं हे साधन), त्या अनुभवावर हे लिहितोय.

आधी मी तयार लिनक्स मेमरी कार्डावर उतरवून त्यात माझा प्रोग्राम टाकायचो. टेबलावर सगळं मस्त चालायचं. वावरात मात्र लाइन दिवसातून चारदा येते-जाते, आणि कार्डावर लिहिणं चालू असताना ती गेली की फाइलसिस्टिम, म्हणजे कार्डावरची फाइलींची मांडणी, बिघडते. एका जानेवारीत, आंबिया बहाराचा ताण तोडायच्या (बहारासाठी तोडलेलं पाणी परत सुरू करायच्या) नेमक्या आठवड्यात, तीन पेट्या बंद पडल्या. त्या दिवसांत पाणी मोजूनच द्यावं लागतं. एक काका दुकानात येऊन म्हणाले, "मोटरले ऑटो लावला का लाइन आल्यावर ते आपोआप सुरू होते. तुह्या पेटीले काऊन नाही होत?" त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. त्याच रात्री मी शोधायला बसलो.

बिल्डरूटमध्ये तयार काहीच मिळत नाही. मेक मेनूकॉन्फिग ही आज्ञा दिली की मेनू उघडतो. त्यात हवं तेवढंच निवडायचं आणि मेक म्हणायचं. कंपायलरपासून (कोडचा चालणारा प्रोग्राम करणारं साधन) सगळं सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, बांधून शेवटी आउटपुट/इमेजेस या फोल्डरमध्ये कार्डावर लिहायची फाइल, म्हणजे इमेज, मिळते. झिरो डब्ल्यूसाठी तयार डेफकॉन्फिग (आधीच भरलेली निवड) आहे, तिथून सुरुवात करा. फुकट आहे, जीपीएल हे मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स आहे, दर तीन महिन्यांनी नवी आवृत्ती येते. फेब्रुवारीच्या आवृत्तीत पुढेही काही काळ दुरुस्त्या मिळत राहतात, म्हणून मी 2024.02 धरली होती.

माझं खरं काम झालं ते स्क्वॅशएफएसमुळे. ही फाइलसिस्टिम फक्त वाचता येते. मुळात तिच्यावर लिहिणंच होत नाही, तर लाइन गेल्यावर बिघडणार काय? मेनूतल्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये रूट फाइलसिस्टिम (जिच्यात सगळं लिनक्स असतं ती) सुरू होताना लिहिण्याजोगी करायचा पर्याय आहे, तो बंद केला. पाण्याच्या नोंदींसाठी कार्डावर वेगळं छोटं एक्स्ट4 पार्टिशन (लिहिता येणारा कप्पा) ठेवलं. ते बिघडलं तरी पेटी उठते आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडतो. सगळी रूट फाइलसिस्टिम 40 एमबीच्या आत बसली.

दोन ठिकाणी अडकलो, ती सांगतो. कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) स्क्वॅशएफएस मॉड्यूल, म्हणजे नंतर जोडायचा वेगळा तुकडा, म्हणून ठेवलं होतं. ते मॉड्यूल असतं रूट फाइलसिस्टिमच्या आत, आणि तीच उघडायला ते लागतं. स्क्रीनवर 'अनएबल टू माउंट रूट एफएस' येऊन पेटी थांबायची. कर्नलच्या मेनूत ते आतच बसवलं तेव्हा चाललं. दुसरी अडचण ड्रॉपबेअरची, म्हणजे लॅपटॉपवरून पेटीत शिरू देणाऱ्या प्रोग्रामची. लिहायला जागा नसल्यामुळे त्याची चावी (पेटीची ओळख पटवणारी फाइल) लाइन गेल्यावर पुसल्या जाणाऱ्या मेमरीत तयार व्हायची, आणि दर वेळी पेटी उठली की लॅपटॉप 'चावी बदलली' म्हणून आत जाऊ द्यायचा नाही. रूटएफएस ओव्हरले नावाची सोय इथं कामी आली. आपल्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवायच्या, शेवटी त्या जशाच्या तशा इमेजवर बसतात. मी त्यातून चावीची जागा एक्स्ट4 पार्टिशनकडे वळवली.

आमच्याकडे नेटचा भरवसा नाही. म्हणून मेक सोर्स ही आज्ञा मला फार आवडते. ती लागणारं सगळं सोर्स डीएल फोल्डरमध्ये उतरवून ठेवते. मी अमरावतीला मावसभावाकडे बसून ते उतरवलं, पेन ड्राइव्हवर आणलं, आणि पुढचं सगळं घरी नेटशिवाय बांधलं. माझ्या जुन्या आय3 लॅपटॉपवर पहिल्या खेपेला पावणेतीन तास लागले. मधे लाइन गेली, बॅटरीही संपली. नंतर मेक म्हटलं तर जी पॅकेजेस बांधून झाली होती ती त्यानं परत बांधली नाहीत. घाई असेल तर बूटलिन या कंपनीचा तयार टूलचेन (कंपायलर आणि सोबतची साधनं) मेनूतूनच निवडा, कंपायलर बांधायचा वेळ वाचतो.

न आवडलेलंही आहे. पेटीत पॅकेज मॅनेजर, म्हणजे चालू पेटीत नवं सॉफ्टवेअर टाकायची सोय, नसते. एखादी लायब्ररी राहिली तर पूर्ण इमेज नव्यानं बनवून कार्ड बदलायला वावरात जावं लागतं. मेनूतून पॅकेजची खूण काढली तरी आधी बांधलेल्या फाइली तशाच राहतात. त्यासाठी मेक क्लीन करून सगळं पहिल्यापासून बांधावं लागतं. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, पण मला कळलं ते इमेज कमी का होत नाही हे शोधण्यात एक दिवस गेल्यावर. जागा कोण खातंय हे मेक ग्राफ-साइज चित्र काढून दाखवतं. आणि विंडोजच्या डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) बांधत असाल तर पाथमधून, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीतून, विंडोजचे फोल्डर आधी काढा. पाथमध्ये स्पेस दिसली की बिल्डरूट तिथंच थांबतं.

ज्यांना पेटी लावून वर्ष-वर्ष हात लावायचा नाही, त्यांनी बिनधास्त घ्यावं. रोज नवं सॉफ्टवेअर टाकून बघणाऱ्यांना त्रास होईल. सध्या मी एका कार्डावर दोन रूट पार्टिशन करून घरबसल्या अपडेट पाठवायचं जुळवतोय. त्यासाठीचे राउक आणि एसडब्ल्यूअपडेट हे प्रोग्राम दोन्ही मेनूत आहेत. अजून कोणतं घ्यायचं ठरलं नाही, त्यामुळे मोर्शीकडच्या चार पेट्यांची कार्डं या उन्हाळ्यात गाडीवर जाऊनच बदलणार आहे.