मदरबोर्ड गेला नव्हता, सेल संपला होता
पीसीचा मेन स्विच बंद केला की दुसऱ्या दिवशी तारीख थेट २०१५ ची, मग एकही साइट धड उघडेना, बँकेची तर नाहीच, सारखा सर्टिफिकेटचा एरर. आधी एका ठिकाणी मदरबोर्ड बदला म्हणाले. या रिपेअरच्या दुकानातल्या दादांनी कॅबिनेट उघडून आधी मीटर लावला, पीसी बंद असताना मदरबोर्डवरचं घड्याळ चालू ठेवणारा ३ व्होल्टचा सेल २.३ दाखवत होता, मला पण बघायला लावलं, नवा सीआर२०३२ बटण सेल टाकला, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) वेळ लावली, दहा मिनिटांत काम झालं.

पण खरं कौतुक पुढचं आहे. माझ्या पीसीवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सवाली ऑपरेटिंग सिस्टिम) दोन्ही आहेत, उबुंटूतून विंडोजमध्ये आलं की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे, आणि मी आपला टाइमझोन बदलत बसायचो. तो बरोबरच होता, चेन्नई कोलकाता मुंबई वाला. दादांनी समजावलं की उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच इथली वेळ धरतं. उबुंटूनेही तिथे इथलीच वेळ लिहावी म्हणून टाइमडेटसीटीएलची (वेळेच्या सेटिंगची) एक कमांड मारली, रीस्टार्ट करून दोन्हीकडची वेळ दाखवली, तेव्हाच सोडलं. पैसे फक्त सेलचे घेतले हो! बिनधास्त जा.