पावतीपुस्तक की क्यूआर कोड?

गावातल्या मुलांना देवराई दाखवायची, ओढ्याचं पाणी तपासायला शिकवायचं, तर एसटीचं भाडं, भिंगं, वह्या आणि दुपारची खिचडी एवढंच लागतं. त्यासाठी बडा देणगीदार शोधण्यापेक्षा पन्नास-शंभरांची वर्गणी मला जास्त आपली वाटते.

पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणं दमवतं. तीन मजले चढावेत आणि "साहेब घरी नाहीत" ऐकून उतरावं. पण दार उघडलं की माणूस भेटतो. एका आजींनी पदराची गाठ सोडून घडी घातलेली वीसची नोट दिली आणि माहेरच्या राईत कोयता का चालवत नसत, ते अर्धा तास सांगितलं. पुढच्या सहलीत मुलांना आम्ही तेच ऐकवलं.

क्यूआर कोड असं काही आणून देत नाही. त्याचा फायदा सातत्यात आहे. २०२० पासून यूपीआयवर ऑटोपे आलं; एकदा परवानगी दिली की दरमहा रक्कम येत राहते, हिशेबही चोख राहतो. देणगीदाराला आयकरात सवलत (८०जी) मिळवून द्यायची असेल, तर २,००० रुपयांवरची रोख देणगी चालतच नाही. एक मात्र सांभाळा: परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातलगाकडून एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय पैसे घेऊ नका.

नव्या गटाने पहिलं वर्ष दारोदारच फिरावं, असं माझं ठाम मत आहे. क्यूआर कोड पावतीच्या मागे छापा. ओळख झालेली माणसं तो आपणहून स्कॅन करतात.