मोले आणि चोडणसाठी दुर्बीण: ८×४२ की १०×४२?

गोव्यातल्या मोलेच्या दाट रानात पहाटे ८×४२च बरी. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ला ८ने भागा: डोळ्याशी येणारं प्रकाशाचं वर्तुळ सव्वापाच मिलिमीटर. १०×४२चं जेमतेम ४.२. झाडीतल्या अंधारात हा फरक लगेच कळतो, शिवाय फांद्यांमधून सरकणारा पक्षी रुंद दृश्यात पटकन सापडतो.

चोडणच्या सलीम अली अभयारण्यात चिखलावरचे लांबचे पक्षी पाहायला १०ची उपयोगी. पण होडीत हाताचा कंपही दहापट दिसतो. कोपरं गुडघ्यांवर टेकवा.

चष्मा असेल तर आयकप, म्हणजे डोळ्याशी टेकणारं कडं, आत फिरवून ठेवा. एसी गाडीतून दमट हवेत काढली की कुठल्याही दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरते, म्हणून उतरण्याआधी दहा मिनिटं एसी बंद. आणि काच शर्टाच्या टोकाने पुसू नका, ओरखडे जात नाहीत.