आयर्लंडमधलं बाटली परत करायचं मशीन : अडीच महिने वापरून पाहिलं त्याचा रिव्ह्यू

लेक-जावई डब्लिनला असतात. २०२४च्या जूनमध्ये आम्ही दोघं नागपूरचा उन्हाळा मागं टाकून तिकडे गेलो आणि ऑगस्टच्या शेवटी परत आलो. आल्यापासून प्रतापनगरातल्या मैत्रिणी विचारून राहिल्या की काय पाहिलं, काय आवडलं. समुद्र पाहिला, कडे पाहिले, सगळं सुंदरच आहे, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला लिहायचंय ते तिथल्या सुपरमार्केटच्या दाराशी असलेल्या मशीनबद्दल, कारण अडीच महिने दर शनिवारी ते काम माझ्याकडेच होतं आणि मी त्याचा वहीत हिशोबही ठेवला होता, बँकेत तीस वर्षं काढलेल्या बाईची सवय जात नाही.

आधी स्कीम काय ते सांगते. १ फेब्रुवारी २०२४ पासून आयर्लंडमध्ये पाणी, ज्यूस, कोल्ड्रिंक, बियर असं काहीही प्लास्टिकच्या बाटलीत किंवा डब्यात, म्हणजे कॅनमध्ये, घेतलं की वस्तूच्या किमतीवर वेगळं डिपॉझिट लागतं. १५० मिलीपासून ५०० मिलीपर्यंत १५ सेंट, त्याच्या वर तीन लिटरपर्यंत २५ सेंट. तेव्हा युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता, म्हणजे छोट्या बाटलीमागे साडेतेरा रुपये धरा. बिलावर डिपॉझिटची वेगळी ओळ येते. बाटली रिकामी झाली की दुकानातल्या मशीनमध्ये टाकायची, मशीन बारकोड वाचतं, बाटली आत ओढून घेतं, शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी निघते, ती काउंटरवर दिली की रोख पैसे नाहीतर बिलातून वजा. स्कीमचं नाव 'रिटर्न', आणि बाटलीवर त्यांचा छापा असेल तरच पैसे मिळतात. सुरुवातीला जुना माल संपवायला दुकानदारांना मे अखेरपर्यंत मुदत दिली होती, आम्ही पोचलो तेव्हा ती नुकतीच संपली होती, त्यामुळे गोंधळाचे पहिले महिने आम्हाला लागले नाहीत.

पहिल्या शनिवारी मी व्यवस्थित, आपल्या सवयीनं, सगळ्या बाटल्या चपट्या करून पिशवीत दाबून भरून नेल्या. एकही घेतली नाही मशीननं. मागं एक वयस्कर गृहस्थ उभे होते, सत्तरी पार केलेले, ते पुढे आले आणि दाखवलं की बाटली अख्खी पाहिजे, चेपलेली नको, बारकोड वाचता आला पाहिजे, झाकण राहिलं तरी चालतं. त्यांच्या स्वतःच्या दोन पिशव्या होत्या पण आधी माझं समजावून झालं मगच त्यांनी आपलं सुरू केलं. नंतर तीन-चार शनिवार ते दिसायचे, हवेबद्दल बोलायचे, मी नागपूरचं ऊन सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. गेल्या वर्षी, २०२५च्या जुलैत, डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आल्या, १ ऑगस्टला आपल्या दूतावासानं तिथल्या भारतीयांना सावध राहायची सूचना काढली, तेव्हा आम्हाला रात्र-रात्र झोप नव्हती, लेकीला दिवसातून तीनदा फोन. काळजी अजूनही आहे. पण लेकीच्या त्या गावाचा विचार आला की मला ते आजोबाही आठवतात, हे लिहिल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

आता हिशोब. अडीच महिन्यांत लहान ९६ आणि मोठ्या ३८ अशा १३४ बाटल्या-डबे परत केले. ९६ चे १४ युरो ४० सेंट, ३८ चे ९ युरो ५० सेंट, एकूण २३ युरो ९० सेंट. आमचे हे म्हणाले, अगं चांगली कमाई झाली की. तर ही कमाई नाही हो, हे आपलेच पैसे, घेताना भरलेले. हे नीट समजून घेतलं तर स्कीम कशी चालते तेही कळतं. बक्षीस म्हणून कोणी पाच रुपये देणार असेल तर माणूस म्हणतो जाऊ दे, पण आपले स्वतःचे अडकलेले पाच रुपये सोडायला जीव होत नाही. जावई पूर्वी कोल्ड्रिंकचा डबा ऑफिसच्या कचऱ्यात टाकून यायचे, आता बॅगेत घालून घरी आणतात. रस्त्याच्या कडेला, बसस्टॉपपाशी डबे पडलेले मला फार कमी दिसले, आणि पडलेले दिसले तर कोणी ना कोणी उचलून नेत होतं.

मशीन वापरायला सोपं आहे, इंग्रजी येत नसलेली माणसंही पाहून-पाहून शिकतात. वेळ मात्र लागतो कारण एकेक बाटली घालावी लागते. शनिवारी दुपारी लाइन असते, पुढच्या माणसाकडे पार्टीनंतरचे दीडशे डबे असले की उभे राहा वीस मिनिटं. सकाळी लवकर जाणं बरं. मशीनच्या समोरची फरशी चिकट असते, बियरचा वास येतो, म्हणून मी घरीच बाटल्या पाण्यानं हिसळून न्यायची.

तक्रारी आहेत आणि त्या लहान नाहीत. पहिली म्हणजे जागा. बाटली चेपायची नाही म्हटल्यावर आठवडाभराच्या बाटल्या ठेवायच्या कुठे? डब्लिनमध्ये घरभाडं किती आहे ते तिथं मुलं असलेल्या प्रत्येक आईबापाला माहीत आहे, लेकीचा दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात बाल्कनी हातभर, तिथं ती भलीमोठी पिशवी कायम उभी. गाडी असलेल्याला काही वाटत नाही, पण बसनं जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं, काठी घेऊन चालणाऱ्यानं ही अख्ख्या बाटल्यांची पोती कशी न्यायची याचं उत्तर मला तिथं दिसलं नाही. त्यांनी नेल्या नाहीत तर त्यांचं डिपॉझिट बुडालं, आणि असं न नेलेलं डिपॉझिट स्कीम चालवण्याच्या खर्चात जातं. म्हणजे ज्याला जमत नाही त्याच्या पैशावर जमणाऱ्यांची सोय, हे मला पटत नाही.

दुसरी, मशीन बंद असणं. लेकीच्या घराजवळच्या दुकानातलं मशीन, नाव लिहीत नाही, आम्ही असताना चार वेळा बंद सापडलं. कधी आतली पेटी भरलेली, कधी स्क्रीनच काळी. दुकानातला पोरगा येतो म्हणाला, अर्धा तास उभे, कोणी आलं नाही, पोती घेऊन परत घरी. पुढच्या दुकानात गेलं तर तिथली चिठ्ठी पहिल्या दुकानात चालत नाही, ज्या साखळीच्या दुकानाची चिठ्ठी तिथंच वटवायची. हा नियम मला पहिल्या दिवशी कोणी सांगितला असता तर एक चक्कर वाचली असती.

तिसरी, काय घेतात आणि काय नाही. काचेची बाटली नाही, दुधाची बाटली नाही. आयर्लंडसारख्या दुधातुपाच्या देशात, जिथं दूध दोन-दोन लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमधून घरोघरी येतं, तिथं दुधालाच वगळलंय. ते कॅन घरच्या हिरव्या, म्हणजे रिसायकलिंगच्या, डब्यात टाकायचे. तिथं घरचा कचरा नेणाऱ्या कंपन्या खासगी आहेत, काळा, हिरवा, तपकिरी असे डबे, आणि त्याचे पैसे घरमालकानं नाहीतर भाडेकरूनं वेगळे भरायचे. लेक म्हणते, आई, हिरव्या डब्याचे पैसे आम्ही आधीच भरतो, त्यात बाटल्या जातच होत्या, आता त्याच बाटल्यांसाठी वेगळी वारी. तिचं म्हणणं चूक नाही. एकदा जावयाचा मित्र बेलफास्टहून येताना पाण्याच्या बाटल्यांचा अख्खा बॉक्स घेऊन आला, त्यातली एकही मशीननं घेतली नाही कारण बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या राज्यात, तिकडे डिपॉझिट भरलंच नव्हतं तर परत कुठून मिळणार. हे मात्र बरोबरच आहे.

जुलैपासून आणखी एक बदल सगळीकडे दिसायला लागला, झाकण बाटलीपासून सुटतच नाही, युरोपचा नियम ३ जुलै २०२४ पासून लागू झाला. पिताना नाकाला लागतं, पहिला आठवडा राग आला, मग सवय झाली. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर फिरताना मातीत रुतलेली ती निळी-पांढरी झाकणं ज्यानं पाहिली त्याला हा नियम कशाला ते सांगावं लागत नाही.

आयर्लंडला या बाबतीत जुनी सवय आहे. प्लास्टिकच्या पिशवीवर त्यांनी २००२ मध्येच १५ सेंट कर लावला, २००७ मध्ये तो २२ सेंट केला. आज तिथं दुकानात जाणारा प्रत्येक माणूस, सुटाबुटातला असो की शाळेतलं पोर, घरून पिशवी घेऊन निघतो. आणि नळाचं पाणी सरळ पितात. आम्ही पहिल्या आठवड्यात बाटलीबंद पाणी आणत होतो, नंतर लेकीनं बंद करायला लावलं, तेव्हापासून आमच्या बाटल्या निम्म्यावर आल्या.

मला हे सगळं नवीन वाटलं नाही हे पण सांगते. नागपूरच्या महाल भागात माझं माहेर. कोपऱ्यावरच्या दुकानातून काचेच्या बाटलीतलं कोल्ड्रिंक पाहुण्यांसाठी आणायचं तर दुकानदार बाटलीचे पैसे वेगळे ठेवून घ्यायचा, पाहुणे उठायच्या आत आम्ही भावंडं रिकाम्या बाटल्या घेऊन पळायचो कारण सुटे पैसे ज्याच्या हाती त्याची गोळी. त्याला आम्ही डिपॉझिटच म्हणायचो. पुढे २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत असंही ठरलं होतं. माझ्या दूधवाल्यानं मला आजपर्यंत ते ५० पैसे दिले नाहीत, मी दोनदा मागून पाहिले, त्याला वरून कोणी देत नाही तर तो कुठून देणार. फरक तिथं आहे. आयर्लंडमध्ये पैसे घेणारी बिलाची ओळ आणि पैसे देणारं मशीन एकाच दुकानात आहे, दोन्हीची नोंद होते. पंधरा सेंट घेतले तर पंधरा सेंट द्यावेच लागतात.

आणि आपल्याकडे हे का पाहिजे ते मी २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे पाहिलंय. नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये. माझी नणंद डागा लेआउटकडे राहते, तिच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं, फ्रिज तरंगत होता. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो तर कुंपणाच्या जाळीत, गेटमध्ये, गटारीच्या तोंडाशी सगळीकडे पाण्याच्या बाटल्या अडकलेल्या. पूर फक्त बाटल्यांनी आला असं मी म्हणत नाही, त्याची कारणं मोठी आहेत. पण त्या जाळीतून मी स्वतःच्या हातानं बाटल्या ओढून काढल्यात, दोन पोती भरली. प्रत्येकीवर दहा रुपये डिपॉझिट असतं तर त्या नदीत पोचल्या असत्या का? आपल्याकडे बाटल्या वेचून पोट भरणारी इतकी माणसं आहेत, त्यांच्या हातात किलोच्या भावाऐवजी बाटलीमागे पैसे पडले असते.

मार्क द्यायचे तर पाचपैकी चार. एक मार्क कापला तो म्हाताऱ्या आणि बिनगाडीच्या माणसांसाठी, आणि बंद मशीनसाठी. तिकडे मुलांकडे जाणाऱ्यांना एवढंच सांगते की बाटल्या चेपू नका, बाहेर फिरायला गेलात तर रिकामी बाटली बॅगेत ठेवा, टाकू नका, आणि घराजवळच्या एकाच दुकानाची सवय ठेवा म्हणजे चिठ्ठ्या इकडच्या तिकडे होत नाहीत.

आमची शेवटची चिठ्ठी वटवायची राहिली. निघायच्या गडबडीत पर्समध्येच आली, पाच मोठ्या आणि चार लहान, १ युरो ८५ सेंट. देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीये, अक्षरं पुसट होऊन राहिली, पण लेक दिवाळीला येईल तेव्हा तिच्यासोबत परत पाठवणार आहे.