बदललेला ट्रिगर गेमला कळेना: सेटिंग, दुरुस्ती की नवा कंट्रोलर?

दिवाळीच्या सुट्टीत मिरजेचा भाचा सांगलीला आमच्याकडे विश्रामबागेत राहायला आला, तो पिशवीत कंट्रोलर घेऊनच. एक्सबॉक्सचा साधा कंट्रोलर, पण ट्रिगर, म्हणजे वरच्या कडेला तर्जनीनं दाबायचे खटके, ‘फास्ट’ करून आणलेले. म्हणजे ट्रिगरच्या आत प्लास्टिकचा स्टॉपर बसवून त्याची चाल कमी केलेली. बंदुकीच्या गेममध्ये झकास चालायचा. गाड्यांच्या गेममध्ये मात्र उजवा ट्रिगर शेवटपर्यंत दाबला तरी गाडी अर्ध्या दमानंच पळायची. आणखी एका गेममध्ये तर बटणं नेमायच्या पडद्यावर ट्रिगर दाबलेलाच कळत नव्हता. “मामा, सेटिंगनं हुईल, का परत उघडायला लागंल? का नवाच घेऊ?”

हाच प्रश्न मला आणखी दोघातिघांनी विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैसे कुठे घालायचे ते ठरवण्याआधी ट्रिगर कॉम्प्युटरला नेमकं काय सांगतोय ते बघा. ए किंवा बी बटण ‘दाबलं’ किंवा ‘नाही दाबलं’ एवढंच सांगतं. ट्रिगर आकडा पाठवतो, शून्यापासून २५५ पर्यंत. एक्सबॉक्स वनपासूनच्या कंट्रोलरमध्ये ट्रिगरला छोटं चुंबक असतं आणि बोर्डावरचा हॉल सेन्सर त्या चुंबकाचं अंतर ओळखतो. स्टॉपर लावला की चुंबक शेवटपर्यंत जातच नाही, आणि आकडा मध्येच अडकतो. मायक्रोसॉफ्टनं एक्सइनपुटमध्ये, म्हणजे विंडोजच्या कंट्रोलर वाचायच्या पद्धतीत, गेम बनवणाऱ्यांसाठी ३० हा उंबरठा (आकडा त्याच्या वर गेला की ट्रिगर ‘दाबला’) सुचवलेला आहे, पण तो पाळायचं बंधन नाही. एखाद्या गेमनं तो अर्ध्याच्या वर ठेवला, तर त्या गेमच्या लेखी तुमचा ट्रिगर दाबलाच गेला नाही.

आकडा बघायला ब्राउझरमधलं कुठलंही गेमपॅड टेस्टरचं पान चालतं. तिथे बटण ६ आणि ७ म्हणजे डावा आणि उजवा ट्रिगर, आकडा ०.०० ते १.००. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधल्या गेम कंट्रोलरच्या जुन्या खिडकीवर विसंबू नका. तिथे एक्सबॉक्सचे दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर दिसतात, आणि दोन्ही एकदम दाबले की एकमेकांना खाऊन टाकतात. ते बघून चांगला ट्रिगर बिघडला म्हणून उघडणारे लोक मी पाहिलेत.

भाच्याचा उजवा ०.४३ वर थांबत होता, डावा ०.६१ वर. सोडल्यावर दोन्ही शून्यावर. म्हणजे सेन्सर ठणठणीत, फक्त चाल तोकडी. सोडल्यावरही आकडा शून्यावर येत नसेल तर चुंबक सरकलंय किंवा स्प्रिंग नीट बसलेली नाही, आणि दाबून काहीच हलत नसेल तर सोल्डरचा टाका सुटलाय किंवा रिबन केबल अर्धवट बसलीय. त्या दोन्हींना सेटिंगचा उपयोग नाही. एक सोपी गोष्ट मात्र आधी तपासा. तुमच्या कंट्रोलरला एक्सइनपुट, डीइनपुट, स्विच असे मोड (वेगवेगळ्या यंत्रांशी बोलायच्या पद्धती) असतील, तर तो चुकून स्विच मोडमध्ये नाही ना ते पाहा. निन्टेन्डो स्विचचे ट्रिगर मुळातच दाबलं-सोडलं एवढंच सांगतात.

आता सेटिंगचा रस्ता. खर्च शून्य, आणि भाच्यासारखी तोकडी चाल असेल तर हाच पहिला. स्टीम या पीसीवरच्या गेमच्या दुकान-अॅपमध्ये त्या गेमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये जाऊन स्टीम इनपुट (कंट्रोलरचे आकडे बदलून गेमला देणारी सोय) चालू करा आणि ट्रिगरची रेंज कुठे संपते तो आकडा तुमच्या ट्रिगरच्या कमाल आकड्याच्या किंचित खाली ठेवा. ०.४३ असेल तर ४० टक्के. मग तेवढ्यावरच गेमला पूर्ण दाब मिळतो. यात नुकसान किती? ०.४३ म्हणजे २५५ पैकी साधारण ११० पायऱ्या. गाडी हाताळायला त्या पुष्कळ होतात. अडचण बोटाची आहे. पूर्वी जेवढा अॅक्सिलरेटर लांब चालीत वाटला जायचा, तेवढाच आता अर्ध्याहून कमी चालीत बसवायचा, त्यामुळे ओल्या रस्त्यावरच्या वळणात बोट हलकं ठेवायचा सराव लागतो. फोर्झा होरायझनसारख्या गेममध्ये ही सोय आतच आहे. अॅक्सिलरेटर आणि ब्रेकच्या आतल्या-बाहेरच्या डेडझोनची, म्हणजे चालीच्या दोन्ही टोकांना गेमनं दुर्लक्ष करायच्या भागाची, पट्टी वेगळी मिळते. तिथे स्टीमला हात लावायची गरज नाही.

ट्रिगरच्या हलक्या दाबावर माऊसचं क्लिक नेमायची युक्ती काही जण सांगतात. मी ती टाळतो. बरेच गेम माऊस आणि कंट्रोलर एकदम आले की गोंधळतात आणि पडद्यावरच्या बटणांच्या खुणा सारख्या बदलत राहतात. स्टीमबाहेरचा गेम ‘नॉन-स्टीम गेम’ म्हणून जोडता येतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या गेमवर मात्र या मार्गाचा भरवसा धरू नका.

पण हे सगळं पीसीपुरतं. एक्सबॉक्स कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, साध्या कंट्रोलरच्या बटणांची अदलाबदल करता येते, ट्रिगरची मर्यादा बदलायची सोय मात्र एलीट या महागड्या कंट्रोलरच्या मालिकेला दिलेली आहे. तुम्ही कन्सोलवर खेळत असाल तर पहिला पर्याय जवळजवळ बाद, पुढच्या दोनच पर्यायांत निवड.

दुसरा रस्ता उघडून दुरुस्तीचा. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला मधे भोक असलेला टी-८ टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि पाच स्क्रूंपैकी एक बॅटरीच्या खणात स्टिकरखाली लपलेला असतो. तो न काढता जोर लावला की कवच तडकतं. साधा स्टॉपर असेल तर काढणं सोपं. खरा विचार करायला लावतो तो माऊसच्या क्लिकसारखा ‘टिक’ वाजणारा डिजिटल ट्रिगर. त्यात आकडा ० किंवा २५५, मधलं काही नाही. सॉफ्टवेअर मधले आकडे कुठून आणणार? गाड्या, ट्रॅक्टर, विमानं असं काही खेळत असाल तर असा ट्रिगर मूळ रूपात परत आणल्याशिवाय गत्यंतर नाही. पीएस ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरमध्ये तो बसवताना मूळ ट्रिगर मॉड्यूल काढावं लागतं, म्हणून अडॅप्टिव्ह ट्रिगरचा गेमप्रमाणे बदलता ताणही जातो. काढलेले मूळ भाग दुकानदाराकडून मागून घेतलेत का, हे इथे निर्णायक ठरतं. ते हातात नसतील तर परतीचा रस्ता महाग पडतो. बदल करायला देतानाच सांगा: “जुनं निघालेलं सगळं पिशवीत घालून द्या.”

फक्त बंदुकीचेच गेम खेळत असाल तर मात्र डिजिटल ट्रिगर काढायची घाई करू नका. तिथे तो खरंच चांगला आहे, आणि एखादा गेम त्याला ओळखत नसेल तर आधी केबल आणि मोड बघा.

तिसरा रस्ता नव्या कंट्रोलरचा. घ्यायचाच असेल तर मागच्या बाजूला ट्रिगर लॉकची कळ असलेला घ्या. २०१९ साली आलेल्या एक्सबॉक्स एलीट सीरिज २ ला तीन टप्प्यांची कळ आहे, २०२३ च्या ड्युअलसेन्स एजलाही तीन टप्पे आहेत, आणि दोन्हींत ट्रिगरचा डेडझोन जुळवता येतो. गाडीला लांब चाल, बंदुकीला छोटी, नखानं कळ सरकवली की झालं. एवढी सोय मिळते, पण रक्कमही मोठी मोजावी लागते. कॉलेजच्या पोराला केवळ एका गेमसाठी एवढा खर्च करायला मी सांगणार नाही. रोज दोन-तीन तास, दोन्ही प्रकारचे गेम आणि तेही कन्सोलवर असं असेल तरच सांगेन. साधा नवा कंट्रोलर घेऊन त्यात पुन्हा स्टॉपर बसवायचा बेत असेल, तर तो पैसा वाचवा. अडचण तीच परत येईल.

भाचा घरी पीसीवर खेळतो आणि शनिवारी मित्राच्या कन्सोलवर. पीसीवर सेटिंगनं त्याच दिवशी काम झालं, कन्सोलचं राहिलं. स्टॉपर काढून टाकायला त्याचं मन होईना, कारण छोट्या चालीची त्याला सवय झाली होती. मग आम्ही कवच उघडलं, यूएसबीची वायर लावून आकडा समोर ठेवला, आणि स्टॉपर बारीक कानशीनं घासून पातळ करत गेलो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तो लहानाचा मोठा झालाय. सतारीची जवारी काढणारे, म्हणजे तारेचा झणकार जुळवणारे कारागीर, तारांखालची घोडी थोडी घासतात, तार छेडून ऐकतात, परत थोडी घासतात, हे त्यानं रोज पाहिलेलं. त्याच्या हाताला घाई नव्हती. दर दोन-चार हातांनंतर स्टॉपर बसवून ट्रिगर दाबायचा, आकडा वाचायचा. ०.४३, ०.५२, ०.६४. उजव्याला ०.८२ दिसले तेव्हा त्यानं कानस खाली ठेवली. त्या शनिवारी मित्राच्या कन्सोलवर गाडी अॅक्सिलरेटर पुरा दाबल्यासारखी पळाली. डाव्याचं घासणं नाताळच्या सुट्टीत करायचं ठरलंय.